चौकशीअंती स्थळ संयुक्त निघाले

मोठ्या संख्येचे एक बरे असते. तिच्याविषयी काहीही ठोकून द्यावे, समोरचा मान डोलावतो. ‘सत्तावन्न ही मूळ संख्या आहे’ असे चारचौघांत म्हणून पाहा. कोपऱ्यात खेळणारे चौथीतले पोर ‘एकोणीस त्रिक सत्तावन्न’ म्हणत तुमची अब्रू चव्हाट्यावर आणील. पण एखादी एकवीस अंकी संख्या घ्या, ती मूळ आहे असे गंभीर चेहऱ्याने सांगा, आणि मग गंमत पाहा. ‘हो का?’ ‘हो तर.’ ‘असेल बुवा.’ विषय संपला. कोणी कागद मागत नाही, कोणी पेन्सिल शोधत नाही, उलट सांगणाऱ्याचा वाचनाचा व्यासंग दांडगा आहे असा समज पसरतो. भाजीच्या हिशेबात दोन रुपये चुकले तर जिना उतरून खाली जाणारा माणूस अर्थसंकल्पातल्या लाख कोटींपुढे डोळे मिटून बसतो, तेही याच न्यायाने. आमचे म्हणणे असे की मोठ्या संख्येचा अस्सल गुणधर्म हाच आहे: तिच्याविषयी बोलायला पैसा पडत नाही, बोललेले तपासायला आयुष्य पुरत नाही, आणि कोणी तपासून हातात दिलेच तर ते पडताळायला अर्धा तास पुष्कळ होतो. बाकीचे जे गुणधर्म गणिताच्या पुस्तकांत असतात तेही खरेच. पण त्यांतले बरेचसे वाण्याच्या बिलापलीकडे बेरीज न केलेल्या आमच्यासारख्यालाही काढता येतात, यावरूनच त्यांची किंमत ओळखावी.

पुराव्यादाखल एकच संख्या घेऊ. २ चा ६७वा घात करा, त्यातून १ वजा करा. उरतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही वाचायची कशी, हा पहिला पेच. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत, एवढ्या नावांत कोणाचेही भागावे. हिचे भागत नाही. परार्धाच्या घरात पोचल्यावरही १,४७५ परार्ध हातात उरतात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी बक्षिसी मागून राजाला भिकेला लावणाऱ्या पंडिताची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या पटाला ६४ऐवजी ६७ घरे असती तर एकूण दाणे नेमके एवढे झाले असते. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये ‘हनोईचे मनोरे’ हे खेळणे बाजारात आणले: तीन खुंट्या, एका खुंटीवर मोठ्यापासून लहानापर्यंत चकत्यांची चळत, आणि एका वेळी एकच चकती हलवत, मोठी लहानावर न ठेवता, सगळी चळत दुसऱ्या खुंटीवर न्यायची. खपासाठी त्याला एक दंतकथाही जोडून दिलेली होती, की काशीच्या देवळात पुजारी सोन्याच्या ६४ चकत्या अहोरात्र हलवत आहेत आणि त्या संपल्या की जग संपणार. काशीच्या पंड्यांना ही बातमी पॅरिसहून कळली असावी. तेथे ६७ चकत्या असत्या तर खेळी लागल्या असत्या बरोबर आपल्या संख्येइतक्या. सेकंदाला एक खेळी धरली तर सुमारे ४ लाख ६७ हजार कोटी वर्षे, म्हणजे ब्रह्मदेवाच्या कालगणनेने दीड वर्ष. ब्रह्मदेवाचे आयुष्य त्याच्या शंभर वर्षांचे, तेव्हा त्याला हे जड नाही. पण एवढे सगळे ऐकून संख्येविषयी काय कळले? ती मोठी आहे, एवढेच. ‘मुलगा उंच आहे’ यापलीकडे काही न सांगणाऱ्या मध्यस्थाला आपल्याकडे दुसरा चहा मिळत नाही.

स्थळाची चौकशी करतात तशी संख्येची चौकशी करण्याची गणितज्ञांची जुनी रीत आहे, आणि त्या चौकशीतली सोपी कलमे आधी उरकून घेतलेली बरी. संख्या विषम आहे. शेवटचा ७ पाहिला की झाले. अंकांची बेरीज १०९. नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी एक वर्ग पाडला होता: जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते ती ‘हर्षद’, आनंद देणारी. आपल्या संख्येला १०९ने भाग जात नाही, सबब ती हर्षद नाही. प्रत्येक अंकाचा वर्ग करून बेरीज घ्यावी, आलेल्या संख्येचे पुन्हा तसेच करावे, आणि शेवटी १ आला तर ती ‘सुखी’ संख्या, असाही एक वर्ग आहे. हिचे ७०५ येतात, ७०५चे ७४, मग ६५, ६१, ३७, ५८, ८९, १४५, ४२, २०, ४, १६ आणि पुन्हा ३७. म्हणजे जन्मभर त्याच आळीत घिरट्या. सुखी नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ती लिहिली तर ओळीने ६७ वेळा १ येतो, मध्ये श्वास घ्यायला एक शून्य नाही. आणि एकांची संख्या विषम असेल तर तिला गणितज्ञ चक्क ‘तिरस्करणीय’ म्हणतात. हर्षद नाही, सुखी नाही, वर तिरस्करणीय. स्थळ इथेच बारगळायचे. पण ही कलमे सुपारी कातरता कातरता काढता येतात, आणि संख्या एकवीस अंकी असो की एकशे एकवीस अंकी, श्रमात फारसा फरक पडत नाही. शिवाय त्यांतली काही दहा अंकांत लिहिण्याच्या आपल्या सवयीवर उभी आहेत. उद्या माणसाने बारा बोटे उगवून बाराच्या हिशेबाने लिहायचे ठरवले तर दुःखी संख्या रातोरात सुखी होऊ शकते.

यावर कापरेकरांची बाजू घेणारा कोणी तावातावाने उठेल, आणि त्याने उठावेच. अंकांच्या असल्या खेळांना त्यांच्या काळात पुष्कळ पंडितांनी नाक मुरडले. पुढे मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा आपल्याला आपला माणूस सापडला. एका प्रकारच्या संख्यांना तर त्यांनी ‘डेम्लो’ असे नाव दिले, जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनात ती कल्पना सुचली त्यावरून, आणि ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला लोकल सोडून दुसरे काही सुचू शकते, हा आमच्या मते त्या शोधाहून मोठा चमत्कार. पण कापरेकरांचे मोठेपण आपल्या मुद्द्याच्या आड येत नाही. त्यांच्या संख्या जे सांगतात ते कोणालाही करून पाहता येते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, फार तर सात फेऱ्यांत ६१७४वर याल. बोलायला फुकट आणि तपासायलाही फुकट, असा प्रामाणिक व्यवहार आहे तो. आपल्या एकवीस अंकीचा व्यवहार तसा नाही, कारण तिच्याबाबत खरा प्रश्न घराण्याचा आहे: ती मूळ की संयुक्त? म्हणजे ती स्वयंभू आहे, की दुसऱ्या दोन लहान संख्यांच्या गुणाकारातून आली आहे आणि ते कोणाला सांगत नाही?

या प्रश्नाचे पहिले उत्तर १६४४ मध्ये पॅरिसला छापून निघाले आणि तेथूनच भानगड सुरू झाली. मारां मर्सेन हे मठात राहणारे साधुवृत्तीचे गृहस्थ. देकार्तपासून फर्मापर्यंत सगळ्यांची पत्रे त्यांच्याकडे यायची. युरोपातल्या गणिताचे मध्यस्थच म्हणा ना. त्यांनी जाहीर केले की २ चा अमुक घात उणे १ ही संख्या, घात २५७ पर्यंत धरला तर, फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घातांनाच मूळ असते. १९ पर्यंतच्या माहितीत नवल नव्हते. ते कातालदी या इटालियन गणितज्ञाने १५८८ मध्येच तपासून ठेवले होते. त्यापुढची नावे मात्र मर्सेन यांनी स्वतःच्या जबाबदारीवर घातली, आणि कशाच्या आधारावर ते सांगितले नाही. शेवटची संख्या ७८ अंकी आहे. खरी गंमत पुढेच. पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे पाहायला सगळा काळ खर्ची घातला तरी पुरणार नाही, असेही याच महाशयांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे तपासणे अशक्य आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि त्या भरवशावरच त्यांनी २१, ३९ व ७८ अंकी संख्यांना दाखले दिले. ‘महाराज, तपासलेत का?’ असे कोणी विचारले असते तर ‘तू तपासून पाहा’ एवढे उत्तर पुरेसे होते. विचारले कोणीच नाही. पुढे ऑयलरने १७७२ मध्ये ३१व्या घाताची संख्या खरोखर मूळ आहे असे सिद्ध केले, तेव्हा तर यादीचा भाव आणखी वधारला. यादीतले एक खरे निघाले की उरलेली तपासायची गरज नसते, हा नियम गणितात नाही, पण माणसांत आहे.

अशी २३२ वर्षे आपल्या संख्येने अब्रूत काढली. १८७६ मध्ये मनोरेवाल्या लुकासनेच ती धुळीला मिळवली. लुकासने एक अजब कसोटी बसवली, ती पुढे १९३० च्या सुमारास लेमर यांनी घासूनपुसून सोपी केली. आजच्या रूपात ती अशी: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करून २ वजा करा, ज्या संख्येची चौकशी आहे तिने भागून बाकी ठेवा, आणि हेच करत राहा. समजा ३१ची चौकशी आहे, म्हणजे २ चा ५वा घात उणे १. ४चे झाले १४. १४चे १९४, त्याला ३१ने भागून बाकी ८. ८चे ६२, बाकी शून्य. घाताहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आले, ३१ मूळ. शून्य न आले तर संयुक्त. ६७साठी अशा ६५ पायऱ्या, प्रत्येक पायरीला एकवीस अंकी वर्ग आणि एकवीस अंकी भागाकार. हे पुरेसे भयंकर आहे, पण अशक्य नाही. लुकासने आपल्या रीतीने निकाल काढला: संयुक्त. आता विचारणारा साहजिकच विचारणार, ‘अवयव कोणते?’ तर ते ठाऊक नाही. ‘मग संयुक्त कशावरून?’ कसोटीवरून. स्थळाच्या चौकशीला गेलेल्या मावशीने परत येऊन पदर सारखा करत ‘नको, त्या घरात काहीतरी आहे’ म्हणावे, आणि काय आहे ते कितीही विचारले तरी सांगू नये, तसा हा निकाल. फरक एवढाच की मावशीचे म्हणणे बऱ्याचदा ऐकीव असते आणि लुकासचे सिद्ध झालेले होते. गणिताला यात काही वावगे वाटत नाही, पण माणसाला वाटते. दोष आहे हे कळणे आणि दोष कोणता हे न कळणे, या अवस्थेत मनुष्यप्राणी फार दिवस राहू शकत नाही. गणितज्ञांनी २७ वर्षे कळ काढली, हा त्यांचा संयम.

या निकालात एक निरपराध बळीही गेला, तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आपले सगळे लहान विभाजक मिळवले की पुन्हा आपणच उभे राहतो, अशी संख्या परिपूर्ण म्हणवते. ६ म्हणजे १, २ आणि ३, किंवा २८. मर्सेन खरे असते तर आपल्या संख्येला २ च्या ६६व्या घाताने गुणून ४१ अंकी परिपूर्ण संख्या मिळाली असती. युक्लिडनेच तशी सोय करून ठेवली होती. १८७६ नंतर तीही गेली. आता हे म्हटले तर कोणाचे काय बिघडले? कोणाचेही नाही. तरी हळहळ वाटते, कारण जगात परिपूर्ण म्हणण्यासारखे मुळातच थोडे.

मग येतो ३१ ऑक्टोबर १९०३ हा दिवस. न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. फ्रँक नेल्सन कोल हे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक आणि संस्थेचे सचिव. मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याविषयी त्यांचे भाषण होते. एरिक टेम्पल बेल यांनी पुढे लिहिलेल्या हकिगतीप्रमाणे कोल उठले, फळ्याशी गेले, अवाक्षर न काढता २ चा ६७वा घात खडूने करत बसले, त्यातून १ वजा केला, फळ्याच्या मोकळ्या भागाकडे सरकले आणि १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार शाळेतल्या रीतीने मांडला. दोन्हीकडची उत्तरे जुळली. कोल खाली बसले. सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, आणि प्रश्न कोणीही विचारला नाही. बेल यांना गोष्ट रंगवून सांगायची हौस होती हे त्यांच्या वाचकांना माहीत आहे, त्यामुळे खडूच्या आवाजाचे वगैरे तपशील बेताने घ्यावेत. अवयव मात्र चोख आहेत. आपल्याकडच्या सभांशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. वक्ता बोलला नाही, प्रास्ताविक लांबले नाही, श्रोत्यांतून ‘माझा प्रश्न नाही, पण मला थोडे सांगायचे आहे’ असे म्हणणारे गृहस्थ उठले नाहीत, आणि तरी सभा गाजली. अवयव शोधायला किती वेळ लागला, असे बेल यांनी नंतर विचारले तेव्हा कोल यांचे उत्तर होते: तीन वर्षांचे रविवार.

तीन वर्षांचे रविवार हे ऐकायला घरच्यांच्या दृष्टीने फार वाटतात, पण ते किती थोडे आहेत हे पाहा. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४च्या पटीत १ मिळवून येणाराच असावा लागतो. शिवाय त्याला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरावी लागते. एवढी गाळणी लावूनही पहिल्या अवयवापर्यंत सुमारे सव्वासात लाख उमेदवार दारात उभे राहतात. ३, ५ आणि ७ने भाग जाणारे हाकलले तरी सव्वातीन लाखांच्या वर उरतात. एका भागाकाराला दहा मिनिटे आणि रविवारचे आठ तास धरले, तर सव्वाशेहून अधिक वर्षांचे रविवार लागतील, आणि इतक्या वर्षांत एकही रविवार लग्नाला, बारशाला किंवा घरातल्या माळ्याच्या साफसफाईला जाता कामा नये. कोल यांनी तसे केले नाही. वेगवेगळ्या भाजकांच्या बाक्यांवरून उमेदवारांचे जथेच्या जथे एकदम बाद करण्याच्या युक्त्या त्यांनी वापरल्या. सुटीच्या दिवशी कोलसाहेब घरात काय करतात असे शेजाऱ्यांना वाटत असेल, याची मात्र कुठे नोंद नाही.

आता पडताळणी. आमचा सगळा मुद्दा इथेच येऊन टेकतो. कोल यांचे अवयव हातात असले की कोणीही कागदावर गुणाकार मांडावा: नऊ ओळी, त्यांतली एक शून्याची, म्हणजे खऱ्या आठच. तेवढाही कंटाळा असेल तर शेवटचे दोन-दोन अंक घ्या. २१ गुणिले ८७ म्हणजे १,८२७, आणि आपल्या संख्येच्या शेवटी २७ आहेतच. शाळेतला नवाचा ताळा पाहा: पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १, दुसऱ्याची ६४, म्हणजे पुन्हा १, गुणाकार १, आणि आपल्या संख्येची १०९, म्हणजे १. ताळा जुळला. जे शोधायला एका प्राध्यापकाची तीन वर्षे गेली ते मान्य करायला पाचवीतल्या मुलाला एक पान पुरते. विभाजकही आता सगळे कळले: १, ते दोन, आणि संख्या स्वतः. लहान विभाजकांची बेरीज ७६,२०३ कोटी १९ लाख ६५ हजार ९ भरते. संख्येपुढे ती साधारण एकोणीस कोटीवा हिस्सा. परिपूर्ण व्हायला निघालेली संख्या ‘न्यून’ ठरली, तीही अशी की न्यूनतेलाही लाज वाटावी.

यावर हिशेबी माणसाची पहिली हरकत ठरलेली आहे: ‘पण उपयोग काय?’ हा प्रश्न विचारणारा माणूस स्वतः दिवसभरात काय काय उपयोगाचे करतो हे विचारू नये, वाद वाढतात. साधे उत्तर असे की बोलणे स्वस्त, तपासणे महाग, पडताळणे स्वस्त या विषमतेवरच आज धंदा चालतो. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार उघड्यावर टांगून ठेवायचा आणि अवयव खिशात ठेवायचे, अशा तत्त्वाचे कुलूप बनवले. इंटरनेटवरच्या पुष्कळ कुलपांमागे आजही तेच आहे. कापरेकरांवर लिहिणाऱ्या त्याच गार्डनर यांनी त्याच वर्षी आपल्या सदरात या मंडळींची एक १२९ अंकी संख्या छापली, अवयव शोधून आत दडवलेला निरोप वाचणाऱ्याला शंभर डॉलर. अंदाज दिला होता ४० हजार लाख कोटी वर्षांचा. लागली १७. १९९४ मध्ये सुमारे सहाशे हौशी लोकांनी आपापले संगणक जोडून ती फोडली, आणि आतून जो निरोप निघाला त्याचा अर्थ होता, जादूचे शब्द म्हणजे शिसारी येणारे हाडफोडे गिधाड. सतरा वर्षे, सहाशे माणसे, आणि शेवटी गिधाड. या अंदाजावरूनही आमचेच म्हणणे सिद्ध होते: मोठ्या संख्येविषयी विद्वानही बोलताना हात आखडता घेत नाहीत.

दुसरी हरकत तरुणांची: ‘काका, हे सगळे आता संगणक करतो.’ करतो. कोल यांचे तीन वर्षांचे रविवार आजचा साधा लॅपटॉप पापणी लवायच्या आत उरकतो. पण म्हणून माणसाची खोड गेली असे नाही, तिने फक्त मोठे घर घेतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच मर्सेन घराण्यातली नवी मूळ संख्या जाहीर झाली, २ चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १. तिला ४,१०,२४,३२० अंक आहेत आणि खात्री करून घेताना लुकासचीच कसोटी लावली. ती कोणी वाचून दाखवा म्हटले तर लुकासचे मनोरे परवडले. आणि घात १२७७ची संख्या पाहा, अवघी ३८५ अंकी. संयुक्त आहे हे सिद्ध झाले आहे. अवयव मात्र हे लिहीपर्यंत एकही सापडलेला नाही. म्हणजे पुन्हा १८७६. जगभरातले संगणक रविवार-सोमवार न पाहता तिच्या मागे लागले आहेत आणि ती मावशीसारखी तोंड मिटून बसली आहे.

तिसरी हरकत सगळ्यांत सभ्य आहे, आणि ती मर्सेन यांच्या बाजूने आहे. २ चा ६१वा घात उणे १ ही संख्या मूळ असल्याचे परवुशिन नावाच्या रशियन पाद्र्याने १८८३ मध्ये दाखवले, आणि ती मर्सेन यांच्या यादीत नाही. तेव्हापासून काही अभ्यासक म्हणतात की महाराजांनी ६१च लिहिले असेल, छपाईत ६७ पडले. म्हणजे खिळे जुळवणाऱ्याच्या हातून १च्या जागी ७ गेला आणि त्यापायी लुकासची कसोटी, कोल यांचे रविवार आणि एका परिपूर्ण संख्येचा बळी, एवढे रामायण झाले. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे अगदी शक्य वाटेल. मुद्रितशोधकाची डुलकी आजवर मंत्र्यांना, मृतांना आणि नवऱ्या मुलींना भोवलेली आहे, एका संख्येला भोवली तर नवल नाही. पण हा बचाव फार दूर जात नाही. २५७ची संख्याही संयुक्तच निघाली. आणि ८९ व १०७ हे घात खरे असून यादीत नव्हतेच, ते सापडायला विसावे शतक उजाडले. यादी शेवटपर्यंत तपासून हातावेगळी व्हायला १९४७ साल आले, म्हणजे ३०३ वर्षे. ६७चे खापर छापखान्यावर फोडू. पण ८९ आणि १०७ काय खिळे जुळवणाऱ्याने दुपारच्या डब्याबरोबर खाल्ले?